मुलांना काय सांगायचं

मंगळवार

आज बॉलमध्ये हवा भरायला बसलो तर पिन आत जाईना. कोरडी पिन जोर लावून घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो, मग तो बॉल कामातून गेला. आमच्या पोरांचे फुटबॉल कोच, सर, आधी पिन जिभेला लावायचे आणि मग अलगद फिरवत आत सरकवायचे. मी कितीदा टोकलं असेल, "अहो सर, मातीत पडलेली पिन तोंडात काय घालता?" ते म्हणायचे, "दादा, याला दुसरं औषध नाही." आज मीही लावली जिभेला. लोखंडाची आणि मातीची चव आली, आणि मग पुढचे दोन बॉल तसेच ठेवून उठलो.

सरांना जाऊन आज नऊ दिवस झाले. सर आत्महत्येने गेले. हे वाक्य मी मुद्दाम पूर्ण लिहितोय. नऊ दिवसांत आमच्यापैकी कुणी ते पूर्ण उच्चारलेलं नाही. 'ते झालं ना', 'त्यांचं ते प्रकरण', नाहीतर नुसताच एक हुंकार आणि हात वर. वय चौतीस.

मी कोच नाही. पोरगा तेरा वर्षांखालच्या टीममध्ये गोलकीपर आहे, त्याला सोडायला येता येता मी पंपवाला झालो. सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायचे, बिब्ज (टीम ओळखायला वरून घालायच्या रंगीत बंड्या) मोजायचे, बॉल मोजायचे. सर मला दादा म्हणायचे, मी त्यांना सर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण मैदानावर सरच.

बुधवार

पहिला मेसेज 'हार्ट अटॅक' असाच आला होता. टाकणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. संध्याकाळी आम्ही दहा-बारा पालक चहाच्या टपरीपाशी जमलो आणि तेच पक्कं केलं. पोरं अकरा-बारा वर्षांची, त्यांना काय कळतंय, उगाच डोक्यात काहीतरी शिरायचं. मीसुद्धा मान डोलावली. नंतर शहाणपणाचा आव आणायला नको म्हणून इथे लिहून ठेवतो, मी विरोध केला नव्हता.

एक दिवसही टिकलं नाही ते. दुसऱ्या रात्री पोरगा जेवताना म्हणाला, "बाबा, सर आजारी होते?"

"हो."

"हार्टचे?"

मी भाताकडे बघत "हं" म्हटलं. तो म्हणाला, "मग मोठी मुलं वेगळंच का सांगतायत?" आणि पुढे जे सांगितलं त्यात निम्मं खोटं होतं, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर होतं. सतरा वर्षांखालच्या पोरांना सोमवारी दुपारपर्यंतच सगळं कळलं होतं. आम्ही गप्प बसलो आणि आमची जागा अफवेने घेतली.

रात्री झोप लागेना म्हणून रॉबर्ट एन्केबद्दल वाचत बसलो. हॅनोव्हर ९६ चा गोलकीपर, जर्मनीच्या राष्ट्रीय संघात खेळणारा. १० नोव्हेंबर २००९ ला गेला, असाच. वय ३२. त्याला नैराश्याचा आजार होता आणि तो त्याने बाहेर कळू दिला नव्हता. मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीने. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको तेरेसा डॉक्टरांना शेजारी घेऊन पत्रकारांसमोर बसली आणि तिने आजाराचं नाव घेतलं. पाच दिवसांनी हॅनोव्हरच्या स्टेडियममध्ये चाळीसेक हजार माणसं निरोपाला आली. नवरा जाऊन चोवीस तास झालेली बाई स्वच्छ बोलू शकते, आणि आम्ही बारा धडधाकट माणसं टपरीवर उभं राहून अटॅक ठरवतो.

गॅरी स्पीडचंही आठवलं. वेल्सचा मॅनेजर, २०११ मध्ये गेला. आदल्याच दिवशी तो टीव्हीच्या स्टुडिओत बसून फुटबॉलवर गप्पा मारत होता. आमच्याकडे प्रत्येक जण हेच म्हणतोय, "शनिवारी तर हसत होते हो." हसत होतेच. एका पोराच्या बुटाची नाडी बांधताना हसत होते, मी पाहिलंय. त्या हसण्यावरून काहीच ठरत नाही, एवढंच.

गुरुवार

समुपदेशक बाई आल्या. एका आईच्या ओळखीने आल्या, पैसे घेतले नाहीत. आधी फक्त पालकांशी बोलल्या. सरळ शब्द वापरा म्हणाल्या. 'देवाने बोलावलं', 'लांब गेले', 'झोपले' असलं काही नको, पोरं झोपायला घाबरतात. कसं झालं त्याचा तपशील द्यायचा नाही. आणि का झालं ते एका वाक्यात बसवायचं नाही, कारण ते तसं नसतंच.

हे शेवटचं आम्हाला जड गेलं. कारण टपरीवर कारणांचीच यादी चालू होती. कुणी म्हणे पैसे. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, संध्याकाळी आम्ही, आणि सुट्टी लागली की तिन्हीकडची फी थांबलेली. कुणी म्हणे लग्न जमत नव्हतं. कुणी म्हणे कोचिंगच्या पुढच्या लायसन्सचं टेन्शन होतं. यातलं सगळं असेलही. यातलं सगळं असलेली शंभर माणसं मला लालबाग-परळमध्ये रोज दिसतात.

एका बाबांनी हळूच विचारलं, पोलीस पोरांना काही विचारणार नाहीत ना? तेव्हा लक्षात आलं की आपल्या कुजबुजीत अजून भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ बसलेलं आहे. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसावर गुन्हा दाखल व्हायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने म्हटलं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम तसं उरलेलंही नाही. पण आपण म्हणतो कसं? आत्महत्या 'केली'. चोरी केली, खून केला, त्याच ओळीत. बाईही 'आत्महत्येने गेले' म्हणत होत्या, मी मंगळवारी लिहिलं तसंच. तोंडात बसायला वेळ लागतोय.

मग पोरांना गोल बसवलं, सर बसवायचे तसंच. बाईंनी सांगितलं की सरांच्या मनाला आजार झाला होता, त्यात माणसाला यातून वाट निघेल असं वाटेनासं होतं, ते आत्महत्येने गेले. या आजारावर उपचार असतात आणि पुष्कळ लोक बरे होतात. तुमच्यापैकी कुणामुळेही हे झालेलं नाही.

खूप वेळ कुणी बोललं नाही. मग आमचा चार नंबर, जो कधीच काही विचारत नाही, म्हणाला, "मी शनिवारी पेनल्टी बाहेर मारली म्हणून नाही ना?"

अकरा दिवस तो हे मनात घेऊन फिरत होता. आम्ही अटॅक सांगून त्याला वाचवत होतो म्हणे.

बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "नाही. अजिबात नाही." दुसरं काही जोडलं नाही. जाताना त्यांनी टेली-मानसचा नंबर दिला, १४४१६. सरकारी आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पालकांपैकी एकाने तो मार्करने बॉलच्या पोत्यावर मोठ्ठा लिहिला. घरी येऊन मी तो माझ्या फोनमध्येही टाकला. मला लागेल म्हणून नाही, असं लिहिणार होतो. खोडलं. कुणास ठाऊक.

शनिवार

सरांच्या घरी गेलो. चाळीतली खोली, दारात चपला काढायला जागा नव्हती इतक्या चपला, पण आत फक्त आई आणि एक मावशी. बाकीची माणसं बाहेर गॅलरीत उभी.

आईंनी चहा दिला. मग कॉटखालून पिशवी ओढली. बिब्ज. अकरा केशरी, अकरा हिरवे, धुऊन, घड्या घालून. दर आठवड्याला त्याच धुवायच्या, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं सर मशीनला लावतात. म्हणाल्या, "शनिवारचे तसेच पडले होते. पोरांना लागतील ना." एका केशरी बिबची शिवण उसवली होती, तिथे पांढऱ्या दोऱ्याने टाके घातलेले.

मी निघताना त्यांनी विचारलं, "पोरांना माहितीये?"

मी म्हटलं, "हो आई. खरं तेच सांगितलं."

त्या जरा वेळ गप्प होत्या. "बरं केलंत. इथे सगळे माझ्याशी भिंतीकडे बघून बोलतात."

मग त्यांनी मला सरांच्या लहानपणचं सांगितलं, गॅलरीत प्लास्टिकचा बॉल मारून कुणाकुणाच्या काचा फोडल्या ते. अर्धा तास. दोनदा हसल्या.

रविवार

संध्याकाळी पहिल्यांदा सगळे जमलो. पाऊस सरत आलाय. चार महिने मैदान आमचं असतं, आता क्रिकेटवाले रोलर घेऊन आले की आम्ही परत कोपऱ्यात. सर याला दर वर्षी 'आपली हद्दपारी' म्हणायचे.

गोल बसल्यावर आधी काय करायचं ते कुणालाच सुचेना. सर सुरुवातीला हमखास एखादी गोष्ट सांगायचे, आणि त्यात हजारदा सांगितलेली म्हणजे नेव्हिल डिसूझांची. १९५६, मेलबर्न ऑलिम्पिक, आपल्या मुंबईच्या माणसाने ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. आपण ४-२ ने जिंकलो आणि शेवटी चौथे आलो. मग कुणीतरी विचारायचंच, "सर, चौथ्याला काय मिळतं?" आणि सर म्हणायचे, "काही नाही. मेलबर्न बघायला मिळतं."

आज माझ्याच पोराने सुरुवात केली, "एकोणीसशे छप्पन." बाकीच्यांनी पुढचं कोरसमध्ये म्हटलं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा अर्धे हसत होते आणि दोन-तीन जण रडत होते, चार नंबरसकट.

मॅच खेळवली. शिट्टी कुणी हातात घेतली नाही, मीही नाही. पोरंच फाऊल सांगत होती. एकदा तर "नाही रे, मीच पाय घातला" असंही ऐकू आलं, जे शिट्टी असताना तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

शेवटी बॉल मोजले. अठरा. एकोणीस हवेत. सर एकोणिसावा सापडल्याशिवाय कुणाला घरी सोडायचे नाहीत, त्यावरून पालकांची कुरकुर असायची, माझी सगळ्यांत जास्त. सात वाजून गेले होते. मी म्हटलं, जाऊ दे, उद्या बघू.

कुणी हललं नाही. मग चार नंबरने माझ्याकडे मोबाईल मागितला, टॉर्च लावला आणि भिंतीकडच्या गवतात शिरला. त्याच्यामागे बाकीचे.