ज्युबाला जाताय? मग हे वाचून जा

कामानिमित्त साउथ सुदानच्या राजधानीत, ज्युबाला जाऊन आलो, इथे कुणी ना कुणी विचारतंच म्हणून लिहितोय. विमान आदिस अबाबा, नैरोबी किंवा एन्टेबेवरून मिळतं, यलो फीव्हरचं कार्ड हातातच ठेवा, डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्या, जुन्या किंवा दुमडलेल्या कोणी घेत नाही.

आता मुख्य विषय, चेकपोस्ट. शहराबाहेर पडलं की बंदूकवाले अडवतात आणि चहापाणी मागतात. आधी डोकं फिरतं, पण त्यामागचं गणित समजलं की राग कमी होतो. सरकारचा जवळपास सगळा पैसा तेलाचा, आणि ते तेल बाहेर जातं सुदानमधल्या पाइपलाइननं पोर्ट सुदानला, म्हणजे ज्यांच्यापासून 2011 ला वेगळे झाले त्यांच्याच दारातून! 2024 च्या फेब्रुवारीत सुदानच्या लढाईत पाइपलाइन फुटली, आणि सैनिक, शिक्षक सगळ्यांचे पगार महिनोनमहिने थकले. पगार नाही पण बंदूक आहे, मग काय होणार? हुज्जत घालू नका, ड्रायव्हर स्थानिक घ्या आणि त्यालाच बोलू द्या.

दुसरं म्हणजे सगळा खेळ दोन माणसांवर अडलाय, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी रिएक माचार. डिसेंबर 2013 ला राष्ट्राध्यक्षांच्या गार्डमधल्याच सैनिकांची आपसात जुंपली आणि यादवी सुरू झाली, 2016 ला ज्युबात परत गोळीबार, 2018 ला दोघांत शांतता करार, पण दोन्हीकडच्या फौजा एक करायचं काम रखडलेलंच आणि निवडणूक डिसेंबर 2026 वर ढकललेली. त्यात मार्च 2025 ला माचार नजरकैदेत. त्यामुळे जायच्या आठवड्यात बातम्या बघाच, तिकडे डिंका-नुएर (कीर आणि माचार यांच्या जमाती) वगैरे विषय स्वतःहून काढू नका, आणि फोटोचं तर नावच नको, पूल, विमानतळ, सैनिक, कशाचाच नाही.

2016 ला हवाई दलानं 'संकटमोचन' करून आपल्या लोकांना बाहेर काढलं होतं, म्हणून पोचल्या पोचल्या दूतावासात नाव नोंदवा. संध्याकाळनंतर फिरू नका. युगांडाकडचा निमुलेचा रस्ता डांबरी असला तरी त्यावर गाड्यांवर हल्ले झालेत, आदल्या दिवशी कुणीतरी आलंय का ते विचारूनच निघा, आणि पावसाळ्यात बाकीचे रस्ते चिखलात जातात तेव्हा शक्यतो डिसेंबर ते मार्चमध्येच जा.