हीथ्रो ते जेएफके: अंतर एकच, वेळा दोन

लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंत हवाई अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. तिकिटावर जाताना आठेक तास लिहिलेले असतात आणि येताना सातच्या आसपास. रस्ता तोच, मग हा तास जातो कुठे? ते बघायचं असेल तर समोरच्या स्क्रीनवर सिनेमा नको, नकाशा लावा. मी जाताना आणि येताना तोच बघत बसलो आणि मला त्याचा जराही कंटाळा आला नाही.

जाताना विमान आयर्लंड ओलांडून समुद्रावर आलं आणि नकाशावर चांगलंच उत्तरेकडे झुकलं. शेजारच्या बाईंनी विचारलंच, आपण लांबून का चाललोय? लांबून नाही, हाच जवळचा रस्ता. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की तो असाच वरून, न्यूफाउंडलंडकडून जातो, सपाट नकाशावर तो वाकलेला दिसतो इतकंच. ५,५४० हा आकडा त्या दोऱ्याचा आहे. विमान मात्र त्याच रेषेवर राहील असं नाही, कारण अटलांटिकवरचे मुख्य मार्ग वारा बघून रोज नव्याने आखतात, पश्चिमेकडे जाणारे शॅनविकचं हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र आणि पूर्वेकडे येणारे कॅनडातलं गँडरचं केंद्र.

आणि सगळा खेळ या वाऱ्याचाच. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात, कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. विमानाचा हवेतला वेग दोन्हीकडे ताशी ९००च्या आसपासच असतो, पण जाताना वारा समोरून, त्यामुळे स्क्रीनवर जमिनीच्या हिशोबाने वेग ८००च्या आत बाहेर करत होता, आणि येताना रात्री बघतो तर १,०५०च्या वर! बाकी सगळे झोपलेले आणि मी तो आकडा बघतोय, काय भारी वाटलं सांगू. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान याच मार्गावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं होतं, वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेलेला. तरी ते सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, नव्हतं हं, कारण भोवतालची हवाच त्याच दिशेला धावत होती. खरं सुपरसॉनिक म्हणजे काँकॉर्ड हे प्रवासी विमान, त्याने १९९६ मध्ये हेच अंतर २ तास ५३ मिनिटांच्या आत कापलं.

अजून एक, तिकिटावरची वेळ नुसती उडण्याची नसते. गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात, विमानाचं जमिनीवर चालत धावपट्टीपर्यंत जाणं-येणं (टॅक्सी करणं), धावपट्टीसाठी रांग, उतरायच्या आधीचं थांबणं, सगळं. म्हणून पुढची फ्लाईट पकडायची असेल तर फक्त किलोमीटर बघून हिशोब करू नका, त्यातून हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना तर हाताशी जादा वेळ ठेवाच.

येताना वाऱ्याने आम्हाला वेळेच्या बरंच आधी इंग्लंडवर आणून सोडलं, पण हीथ्रोला गर्दी असली की विमानं आसपासच्या चार ठरलेल्या ठिकाणी एकावर एक थरांत घिरट्या घालत थांबतात, आम्हीही थांबलो, आणि वाचलेला बराचसा वेळ तिथेच संपला.