तुम्ही विचारलंत म्हणून: विद्यार्थ्यांच्या बाजाराला एवढा बंदोबस्त कशाला?

"सगळी एकाच विद्यापीठातली मुलं. विकणार काय, तर जुनी पुस्तकं, सायकल, टेबलफॅन. ग्रुपवर फोटो टाकला की काम होतं. तुमच्याकडे मात्र नंबर दिसत नाही, दर सत्रात पुन्हा पडताळणी, वस्तू हातात देताना वर कोड. कशाला एवढं?" विद्यार्थ्यांना जुन्या वस्तू आपापसांत विकता-घेता याव्यात म्हणून आम्ही एक साइट चालवतो, तिच्याबद्दल हे विद्यार्थी विचारतात, प्राध्यापक विचारतात, आमच्याकडे नव्याने काम करायला येणारेही विचारतात. घाईत दिलेलं उत्तर कुणाला पटत नाही, हे मला समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणून हे सविस्तर.

"एकाच विद्यापीठातली" हे तुम्ही गृहीत धरता. विद्यापीठाच्या ईमेलवर पाठवलेला कोड कुणी परत टाकला, तर त्या मेलबॉक्सपर्यंत कुणीतरी पोचलं एवढंच सिद्ध होतं. शिक्षण संपल्यावरही मेलबॉक्स चालू ठेवणारी विद्यापीठं आहेत. म्हणून आम्ही नुसत्या ईमेलवर थांबत नाही. विद्यापीठाच्या लॉगिनकडून "सध्या विद्यार्थी" ही नोंद दर सत्रात नव्याने मागतो. २००४ साली फेसबुक सुरू झालं तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाचा ईमेल असला की आत येता यायचं. तिथे लोक गप्पा मारायला येत होते. आमच्याकडे एक जण पैसे देतो आणि दुसरा वस्तू, तीही बहुतेक वेळा राहत्या खोलीच्या दारात.

आता तो लॅपटॉप. ज्यांना हा प्रसंग अर्धवट ठाऊक आहे, तेच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.

सत्र संपत आलं होतं. वसतिगृह रिकामं करायच्या घाईत एका मुलाने लॅपटॉप विकायला ठेवला. तेव्हा आमची साइट फक्त गाठ घालून द्यायची, पैसे आपापसांत. एका मुलीच्या खात्यावरून मेसेज आला: मी गावी आहे, मित्र येऊन घेऊन जाईल, पैसे आत्ताच पाठवते. नाव खरं, विभाग खरा, पडताळणीची खूणही होती. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला. मित्र आला, लॅपटॉप घेऊन गेला. पैसे जमा झालेच नाहीत.

रात्रीपर्यंत त्या मुलीचं नाव आणि फोटो सगळ्या वसतिगृहात फिरला. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. ग्रंथालयाच्या लॉगिनसारख्या दिसणाऱ्या एका बनावट पानावर तिने पासवर्ड टाकला होता आणि मेलबॉक्स दुसऱ्याच्या हाती गेला होता. आम्ही नोंदी काढून बसलो. आमचा कोड पहाटे दोनच्या सुमारास मागवलेला, तोही खात्यावर कधीच न दिसलेल्या उपकरणावरून. कोडचा मेल मेलबॉक्समधून खोडलेला होता. तिचं स्वतःचं जुनं लॉगिन तिच्या फोनवर तसंच चालू होतं. म्हणजे ती नव्हती, हे आम्ही दाखवू शकलो. ते वाचायला मात्र फार थोडे आले. फोटो पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो मागे घेतला, हे मला विचारू नका. मुलाचा लॅपटॉप गेला, त्यात त्याचा प्रकल्प होता. मुलीने सत्राच्या शेवटी वसतिगृह बदललं. मला दोघांशीही बोलावं लागलं, आणि तिच्याशी बोलणं जास्त कठीण होतं, कारण तिने ना काही विकलं होतं ना काही घेतलं होतं.

तेव्हापासून पैसे आधी पेमेंट कंपनीकडे अडकून राहतात. खरेदीदार वस्तू तपासतो, मग स्वतःच्या फोनवरचा कोड सांगतो, विक्रेता तो टाकतो आणि पैसे मोकळे होतात. स्क्रीनशॉटला काही किंमत उरत नाही. नव्या उपकरणावरून लॉगिन झालं की व्यवहार काही काळ थांबतो. हाच तो उशीर, ज्याच्या तक्रारी येतात.

"रेटिंग ठेवा, लबाड आपोआप गळतील," असंही सांगतात. ईबे ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट १९९६ पासून रेटिंग ठेवते, आणि २००८ मध्ये त्यांनाही विक्रेत्यांनी खरेदीदाराला वाईट शेरा देणं बंद करावं लागलं, कारण सूड म्हणून शेरे दिले जात होते. आणि आमचा विक्रेता शिक्षण संपताना एकदाच विकतो आणि निघून जातो. त्याची पत साचणार कधी?

नंबर लपवतो, कारण सायकल विकून झाली तरी नंबर समोरच्याकडे राहतो आणि रात्रीअपरात्री मेसेज येत राहतात. हे मुलींना समजावून सांगावं लागत नाही. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, म्हणून फोटो चढवतानाच ती माहिती आम्ही पुसतो. याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते दिसत नाही.

हे सगळं मी ठामपणे सांगते, तरी सुरुवातीची मी गप्प बसत नाही. पहिल्या आराखड्यात मीच लिहिलं होतं की पायऱ्या जितक्या कमी तितकी माणसं जास्त. ती आजही वाद घालते: तू प्रत्येक पायरी वाढवलीस की काही मुलं परत ग्रुपवर जातात, आणि तिथे त्यांना कसलंच संरक्षण नाही; मग सुरक्षित कोण झालं? यावर माझं उत्तर एवढंच, की जे आत आहेत त्यांची जबाबदारी माझी आहे. तिला ते पुरत नाही. काही दिवशी मलाही पुरत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते नव्याने प्रवेश घेतलेल्यांचं. पुस्तकं, सायकल, टेबल यांची गरज त्यांनाच पहिल्या आठवड्यात असते, आणि विद्यापीठाचं लॉगिन नेमकं तेव्हाच हातात नसतं. प्रवेशाच्या पावतीवर आत घ्यावं, तर पावतीचा फोटो कुणीही बनवू शकतं. सध्या ते वस्तू पाहू शकतात, विक्रेत्याशी बोलू शकत नाहीत. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाने थेट नोंद द्यावी यासाठी आमची बोलणी चालू आहेत. तोवर ती मुलं ग्रुपवरच खरेदी करणार, हे मला दिसतं आहे, आणि तरीही दार उघडायला मी तयार नाही.