क्लचच्या पेडलला ढील हवीच

मृगाचा पाऊस पडला की संत्र्याच्या बागेत गवत बघता बघता गुडघ्याला लागतं. आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात त्यावर रोटाव्हेटर, म्हणजे माती उकरणारं अवजार, घालणारे पुष्कळ आहेत. आम्ही ते बंद केलं. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात; ती तुटली की झाड खचतं आणि जखमेतून बुरशी शिरते. म्हणून छोटा ट्रॅक्टर, मागे स्लॅशर (फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार), आणि कापलेलं गवत जागेवरच पाडायचं. झाडं ठीक राहतात, पण ट्रॅक्टरचे हाल होतात. सहा मीटरच्या ओळीत सारखं वळा, थांबा, मागे घ्या. त्यामुळे पावसाआधी माझा बराच वेळ पेडलांजवळ जातो.

क्लचचं पेडल हातानं दाबून पाहा. आधी हलकं जातं, मग एकदम जड लागतं. जड लागेपर्यंतचं अंतर म्हणजे ढील. साधारण २० ते ३० मिलिमीटर धरा, पण आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतलं माप खरं. क्लचची प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद पुढे गिअरबॉक्सला देणारी चकती, झिजते तशी ही ढील कमी होत जाते. अनेकांना वाटतं वाढते. ढील संपली की रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग) क्लचच्या फिंगरला, म्हणजे आतल्या बोटांसारख्या लिव्हरांना, टेकूनच राहतं, प्लेट पुरती धरत नाही, घसरते, तापते. जळका वास आला म्हणजे ट्रॅक्टर मधून सोडवायची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायची, वेळ आली. त्याआधी पेडलच्या रॉडवरचा चेकनट (रॉड जागेवर धरणारा नट) सैल करून रॉड फिरवायचा, माप जमलं की नट परत आवळायचा. दोन पान्यांचं काम आहे.

आमचे सालदार काका पेडलवर पाय ठेवूनच चालवायचे.

"काका, पाय खाली घ्या ना."

"ठेवला तं काय होते भाऊ? दाबत तं नाही ना मी."

मी खाली वाकून पाहिलं. त्यांनी नुसता जोडा टेकवला तरी क्लचचा लिव्हर सरकत होता. मग ते उतरले, मला सीटवर बसवलं, स्वतः वाकून बराच वेळ पाहिलं. त्या दिवसापासून त्यांचा पाय पायठेवणीवर असतो.

ब्रेकचं दुखणं वेगळं. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकची पेडलं वेगवेगळी असतात. ओळीच्या टोकाला आपण एकाच बाजूचा ब्रेक दाबून वळतो. आमच्या बांधामुळे वळण बहुधा डावीकडेच, म्हणून डाव्या ब्रेकची ढील लवकर वाढते. रस्त्यावर दोन्ही पेडलं एकत्र जोडणारी कडी लावून दाबलं की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो, आणि मागे संत्र्याची ट्रॉली असेल तर ते जिवावर बेततं. मापपट्टी लावतोच, पण माझा भरवसा मातीवर आहे. सपाट कोरड्या जागेत, हळू वेगात, कडी लावून ब्रेक दाबायचा आणि उतरून चाकांच्या घासल्याच्या खुणा पाहायच्या. दोन्ही सारख्या लांब हव्यात. एक आखूड दिसली तर त्या बाजूचा नट थोडा आवळा, पुन्हा पाहा. शेवटी जॅक लावून चाक हातानं मोकळं फिरतं का तपासा. घासत असेल तर जास्त आवळलं गेलं.

स्लॅशरला हात लावण्याआधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात. पीटीओ शाफ्टच्या (इंजिनची ताकद स्लॅशरला देणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, कामाच्या दिवसांत रोज ग्रीस द्या. पातं बदलायचं तर जोडीनंच, नाहीतर हादरे बसून गिअरबॉक्सचं सील गळायला लागतं. आणि टॉप लिंक, म्हणजे ट्रॅक्टर-स्लॅशरमधला वरचा जोडदांडा, फिरवून स्लॅशरची पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवा, गवत एकदाच कापलं जातं.