शारजाहून स्वानेतीला: मेस्तिया ते उशगुली पायवाटेचा वृत्तांत

आखाती देशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाची बहुतेक रजा गावी जाण्यात खर्च होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातून उरलेल्या थोड्या दिवसांत, बेताच्या खर्चात खऱ्याखुऱ्या डोंगरात जायचे असेल, तर जॉर्जियाच्या वायव्येकडील स्वानेती या डोंगराळ प्रदेशाचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. संयुक्त अरब अमिरातीचा किंवा अन्य आखाती देशाचा वैध निवासी परवाना असलेल्या भारतीयाला तेथे वेगळा व्हिसा लागत नाही, 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येते आणि शारजाहून स्वल्पदरातील विमान साधारण साडेतीन तासांत राजधानी तिबिलिसीला पोहोचवते.

व्हिसा लागत नसला तरी विमानतळावर भारतीयांची चौकशी बरेचदा बारकाईने होते. निवासी परवान्याचे मूळ ओळखपत्र, परतीचे तिकीट, मुक्कामाची आरक्षणे, पैशांचा पुरावा आणि 2026च्या जानेवारीपासून बंधनकारक झालेला वैद्यकीय विमा, हे सर्व छापील स्वरूपात हाताशी ठेवावे.

अलीकडे बकरी ईद मे-जूनमध्ये येते. तेव्हा विमानभाडे चढलेले असते आणि वरच्या खिंडीत बर्फ असू शकते, त्यामुळे ईदच्या सुट्टीचा मोह टाळून ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ निवडावा. त्या सुमारास हवा बरीच स्थिर असते.

तिबिलिसी विमानतळावरून शहरात जाणाऱ्या 337 क्रमांकाच्या बसचे भाडे 1 लारी (जॉर्जियाचे चलन), म्हणजे सव्वा दिरहमहून किंचित अधिक होते. तेथून पश्चिमेकडील झुगदिदी शहरापर्यंत रात्रीची रेल्वे घ्यावी; मुक्कामाचा खर्च वाचतो, पण उन्हाळ्यात तिची तिकिटे लवकर संपतात. झुगदिदी स्थानकाबाहेर ‘मार्शुत्का’ या सामायिक व्हॅन उभ्या असतात. त्या भरल्यावरच सुटतात आणि 270 मीटरहून उंच असलेल्या एंगुरी धरणाजवळून वळणे घेत सुमारे तीन तासांत स्वानेतीतील मुख्य गाव मेस्तियाला नेतात. तिबिलिसीजवळच्या नातख्तारीहून मेस्तियाला छोटे विमानही जाते. मात्र ढग आले की ते रद्द होते, म्हणून सगळी आखणी त्याच्या भरवशावर करू नये.

मेस्तियाहून उशगुलीपर्यंतची पायवाट सुमारे 55 किलोमीटरची असून झाबेशी, आदिशी आणि इप्राली येथे मुक्काम करत लोक ती सहसा चार दिवसांत पूर्ण करतात. प्रत्येक गावात घरगुती अतिथिगृहे आहेत, त्यामुळे तंबू, शिधा, चूल यांपैकी काहीच पाठीवर वाहावे लागत नाही, आणि माझ्या मते अल्पखर्ची प्रवाशाला या वाटेचा हाच सर्वांत मोठा आधार आहे. रात्रीचे जेवण व न्याहारी धरून माणशी 80 ते 100 लारी घेतले जात होते. पैसे रोख द्यावे लागतात आणि मेस्तियानंतर एटीएम नाही. शाकाहारी व्यक्तीने आपल्याला ‘समारखवो’ म्हणजे उपवासाचे जेवण हवे, असे सांगावे. मांस, अंडी व दूध वर्ज्य असलेला हा प्रकार सर्वांच्या ओळखीचा आहे. घेवड्याची उसळ, अक्रोडाचे वाटण भरलेली वांगी आणि लसूण-धणे घालून कुटलेले स्वानेती मीठ यांवर आपले पोट उत्तम भरते.

तिसऱ्या टप्प्याला मात्र गांभीर्याने सामोरे जावे. आदिशी हिमनदीतून निघणारा प्रवाह या वाटेला आडवा येतो, त्यावर पूल नाही, आणि दिवसा उन्हाने बर्फ वितळू लागले की पाणी झपाट्याने चढते. त्यामुळे उजाडताच आदिशी सोडून सकाळच्या उतरलेल्या पाण्यात नदी गाठावी. गावकरी तेथे घोडे घेऊन थांबतात आणि पैसे घेऊन पलीकडे सोडतात. ते पैसे वाचवण्यासाठी बर्फगार पाण्यात पाय घालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पलीकडे छुंदेरी खिंडीचा चढ लागतो. सुमारे 2,700 मीटरवरील त्या माथ्यावरून समोर पसरलेली हिमनदी पाहत मी बराच वेळ बसून राहिलो. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याला हा चढ झेपतो, पण दिवसभरात अठरा-वीस किलोमीटर चालण्याचा सराव हवा. धनगरी कुत्री कळपाजवळ आक्रमक असतात, तेव्हा मेंढरांना लांबून वळसा घालावा.

एका मुक्कामी मी भारतातून आलो असे कळताच यजमान आजोबांनी केतेवान राणीचे नाव काढले. या जॉर्जियन राणीला 1624 साली शिराझ येथे ठार मारण्यात आले. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणले. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीन चर्चच्या भग्नावशेषांत ते सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेतील डीएनए तपासणीने त्यांना दुजोरा मिळाला आणि 2021 मध्ये भारताने त्यांतील एक भाग जॉर्जियाला भेट दिला. माझे आजोळ गोव्याचे आहे, हे सांगितल्यावर त्या घरातील आस्था शब्दांत सांगणे कठीण आहे. जाण्यापूर्वी हा इतिहास अवश्य वाचून जावा.

उशगुलीत दगडी मनोरे आणि त्यांमागे सुमारे 5,200 मीटर उंचीचा श्खारा पर्वत दिसतो. हा परिसर 1996 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथून मेस्तियाला परतण्यासाठी सामायिक गाड्या मिळतात, मात्र आदल्या संध्याकाळीच यजमानांना सांगून जागा ठरवावी. पावसात या रस्त्यावर दरडी येतात. परतीच्या विमानाआधी एक दिवस तिबिलिसीत मोकळा ठेवावा.