पाडाचा मानकुराद आणि तव्यावरचा चणक

पहिल्या संध्याकाळी जे खाल्लं त्याबद्दल आधी लिहून टाकते, म्हणजे राग जाईल आणि पुढचं नीट लिहिता येईल. समुद्रकाठच्या एका शॅकमध्ये बसलो होतो. मेन्यूकार्डावर ‘ट्रॉपिकल ग्रिल्ड फिश विथ मँगो साल्सा’ असं भारदस्त नाव होतं. समोर आला तो कोरडाठक्क मासा आणि त्यावर पिकून लिबलिबीत झालेल्या आंब्याचा गोळा. त्यात बहुधा टोमॅटो सॉसही होता. नवऱ्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला, “आमरसाबरोबर पुरी खातात. मासा कोणी खाल्लेला ऐकला नव्हता.”

आम्ही कोल्हापूरचे. तांबडा-पांढरा हा आमचा धर्म आणि मासे म्हणजे गोव्याला किंवा मालवणला गेल्यावर खायची गोष्ट. मेअखेरीस आजऱ्यावरून आंबोली उतरून, बांदा-पत्रादेवीमार्गे गुरुवारी दुपारी गोव्यातल्या शिवोलीत पोचलो. घाटात धुकं होतं आणि खाली आल्यावर गाडीतून उतरताच चष्म्यावर वाफ. प्रवासाचं एवढंच. घरमालकीण काकूंच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि त्यांचं स्वयंपाकघर वापरायची मुभा होती. पुढचे पाच दिवस आम्ही किनाऱ्यावर कमी आणि त्या स्वयंपाकघरात जास्त होतो.

शॅकची तक्रार मी काकूंना सांगत होते, ती कुंपणापलीकडच्या अंकलनी ऐकली. अंकल म्हणजे तारवटी. बोटीवर नोकरी करणाऱ्याला गोव्यात हाच शब्द आहे आणि या भागातली कितीतरी घरं बोटीच्या पगारावर उभी आहेत. अंकलची सगळी नोकरी जहाजाच्या भटारखान्यात गेली, त्यातली बरीच वर्षं कॅरिबियन बेटांच्या फेऱ्यांवर. नाव लिहायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे. ते कोकणी बोलतात आणि आम्ही गोंधळलो की मराठीवर येतात. कुंपणावरूनच म्हणाले, “पिकिल्लो आंबो नाका गो! साल्साला आंबा कसा पाहिजे, ठाऊक आहे? अजून विचार करत असलेला.”

अर्धवट पिकलेल्या चिंचेला आपण गाभुळलेली म्हणतो. आंबा तसा झाला की तो पाडाला आला. बाहेरून हिरवा, देठापाशी जेमतेम पिवळसर, दाबला तर किंचित दबतो पण बोट रुतत नाही. आत रंग चढलेला असतो आणि आंबटपणा अजून गेलेला नसतो. अंकलना हाच आंबा हवा होता. फळवाला मात्र गिऱ्हाइकाला तो देत नाही, कारण गिऱ्हाईक तो मागत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. खरं तर त्या बाजारावर वेगळं लिहायला हवं. माडाच्या व्हिनेगरच्या बाटल्या, माळांसारखी लटकणारी चोरिसं (गोव्याची सॉसेजं), सुकं खारं, पोत्यावर पसरलेली सोलं, आणि या सगळ्यांच्या वासांत मध्येच फणसाचा वास. मानकुराद गोव्यात डझनावर मिळतो. मोसमाच्या सुरुवातीला त्याचा भाव ऐकून पाहुणे निमूट पुढे सरकतात, पण मेअखेरीस तो जरा माणसात येतो. हे नाव पोर्तुगीज ‘मालकोरादा’वरून आलं असं सांगतात, म्हणजे रंग नीट न चढलेला. दिसायला खरंच यथातथा. चव मात्र अशी की गोंयकार त्याच्यापुढे हापूसचं नाव काढू देत नाहीत. 2023मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे आंबेवालीने आम्हाला भाव सांगायच्या आधी सांगितलं. पाडाचे सहा द्या म्हटल्यावर तिने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “लोणचें घालतां?”

मासळीच्या भागात इसवण (आपली सुरमई), तांबोशी (रेड स्नॅपर), बांगडे, मोडसो असं सगळं होतं. आम्ही चणक घेतला. मुंबई-रायगडकडचे लोक ज्याला जिताडा म्हणतात तोच. मांस पांढरं, घट्ट, काटे कमी. त्यामुळे तुकड्या तव्यावर मोडत नाहीत. मासेवालीने आदोळीवर, म्हणजे विळीवर, बोटभर जाडीच्या तुकड्या पाडल्या. पातळ कर म्हटलं तर ऐकेना. “पातळ केल्यार सुकता,” एवढंच बोलली. आदल्या संध्याकाळी त्या शॅकमध्ये काय चुकलं होतं त्याचा अर्धा उलगडा तिथेच झाला.

उरलेलं अर्धं मी स्वतः चुकून शिकले. कोल्हापुरात मटण निबर असेल तर कच्च्या पपईचा गर लावतात. मला वाटलं, इथे अननस आहे, तोही तसंच काम करेल. बाजारातून आणलेल्या अननसाचा पाव भाग कुटून मी काही तुकड्यांना चोळला आणि झाकून ठेवून शापोऱ्याचा किल्ला बघायला गेले. दोन तासांनी येऊन पाहते तर तुकड्यांची कड बोटाने निघत होती. तव्यावर टाकल्यावर तर त्यांचा पिठलं-भात झाला. अंकल हसले नाहीत, उलट हळहळले. मटणाचा धागा चिवट असतो, त्याला पपईतलं पपेन सोसतं. मासा मुळातच नाजूक. ताज्या अननसातलं ब्रोमेलिन त्याचं प्रथिन तोडत जातं. डब्यातला अननस असता तर काही झालं नसतं, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ब्रोमेलिन मरतं. “म्हणूनच फळ माशाच्या वर,” ते म्हणाले, “आणि तेही ताटात वाढताना.” ते पिठलं आम्ही नारळ घालून भाताबरोबर खाल्लं. वाईट लागलं नाही, पण त्याला मासा म्हणवत नव्हतं.

मग उरलेल्या चार तुकड्या. मीठ, ठेचलेला लसूण, मिरपूड, अर्धं लिंबू, फक्त पंधरा मिनिटं. नंतर त्या फडक्याने अगदी कोरड्या टिपायच्या. हा भाग मी आजवर कधीच केला नव्हता. ओली तुकडी तव्यावर भाजत नाही, वाफवते. बिडाचा तवा धुरकटेपर्यंत तापवला, खोबरेल सोडलं, तुकडी ठेवली आणि माझा हात उलथन्याकडे गेला तशी अंकलनी तो धरला. “राव गो बाये.” तुकडी तयार झाली की आपणहून सुटते. ओढली तर साल तव्याला आणि मांस आपल्याला. चारेक मिनिटांनी खरोखरच ती उलथन्यावर अलगद आली, खालून बदामी. दुसऱ्या बाजूला दोन-तीन मिनिटं पुरली.

साल्सा मी तोवर केलेला नव्हता, कारण करू दिला नव्हता. मासा उलटल्यावरच चिरायला बसायचं असा अंकलचा नियम. दोन पाडाचे मानकुराद, अननसाची एक जाड चकती, एक छोटा कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर. सगळं हरभऱ्याच्या दाण्याएवढं. कांदा आधी चमचाभर माडाच्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा, त्याचा उग्रपणा जातो. लिंबू पिळायचं. मीठ मात्र ताट समोर आल्यावर, आधी नाही. मीठ लागलं की फळ पाणी सोडतं आणि दहा मिनिटांत साल्साचं सार होतं.

पहिल्या घासाला नवरा काही बोलला नाही. दुसऱ्यालाही नाही. तो जेवताना गप्प बसला की समजायचं. गरम, खारट, कुरकुरीत साल आणि त्यावर गार आंबट-गोड फळ, मागून मिरची. दात लागला की आंबा किंचित कुरकुरतो आणि मगच रस सोडतो. शॅकमधल्या लगद्यात हेच नव्हतं.

जेवणानंतर ओसरीवर अंकल आणि काकूंचा वाद लागला, की हा पदार्थ कुणाचा. साल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये नुसता ‘सॉस’, मेक्सिकोच्या बाजूची गोष्ट. पण ताटातल्या फळांची गावं शोधायला गेलं तर गंमत होते. अननस दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या लोकांना तो 1493मध्ये ग्वादलूप बेटावर पहिल्यांदा दिसला. मिरचीही तिकडचीच. दोन्ही पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली, आणि 1510मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर त्यांना उतरायला हक्काचं बंदर मिळालं. अननस, पपई, काजू हे आपण रोज उच्चारतो ते शब्दही त्याच जहाजांतले. आंबा मात्र इथला, तो उलट्या दिशेने तिकडे गेला. म्हणजे जमैकातल्या कुणी बाईने आंब्याचा साल्सा केला तर तिने आपला आंबा आणि स्वतःची मिरची घेतली, आणि मी शिवोलीत केला तर माझा आंबा आणि तिची मिरची. काकूंना हे पटलं नाही. “मिरची इथली नव्हती? मग आमचे पणजोबा हुमणात काय घालायचे?” अंकल म्हणाले, पणजोबांच्याही पणजोबांच्या आधीचं बोलतोय मी. काकू भांडी घासायला उठून गेल्या.

शनिवार-रविवार पावसाळी ढगांत गेले. सोमवारी काकूंकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी, नुस्तें (मासे) नाही. त्या दिवशी त्यांनी ताटात वाढलं अननसाचं सासव. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, थोडा गूळ, आणि वाटण संपता संपता टाकलेली मोहरी. मोहरीला पाट्यावर दोनच फेरे, जास्त वाटली तर कडू होते. त्यात अननसाच्या फोडी. घोटांचे, म्हणजे छोट्या रायवळ आंब्यांचे दिवस असले की हेच सासव कोयांसकट करतात आणि जेवणाऱ्याची बोटं मनगटापर्यंत पिवळी होतात. गोड, आंबट, तिखट, आणि मोहरीची ती नाकात जाणारी झणक. मी काही म्हणायच्या आतच काकू म्हणाल्या, “तुझी ती साल्सा म्हणजे हिचीच बहीण. पण हिला खोबरं मिळालं, तिला मिळालं नाही बिचारीला.” दोन दिवस त्या हेच वाक्य जुळवत असाव्यात.

मंगळवारी शेवटची संध्याकाळ. शापोऱ्याच्या जेटीवर गेलो तर ट्रॉलरवाले जाळी उतरवून घेत होते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्याची तयारी. माशांच्या विणीचे दिवस, शिवाय समुद्रही उसळलेला. पुढचे 61 दिवस शॅकवाल्यांच्या ‘फ्रेश कॅच’चं काय होतं ते विचारू नये. आम्हाला दोन मध्यम तांबोश्या मिळाल्या. अंकलनी त्यांना तिरप्या चिरा दिल्या आणि कपाटातून एक डबी काढली, ऑलस्पाइस. नावावरून मला तो मिश्र मसाला वाटला होता, पण ते एकाच झाडाचं फळ, वाळवलेलं, मिरीएवढं. लवंग, दालचिनी, जायफळ तिन्हीचा वास एकातच. जमैकाच्या जर्क मसाल्यात ते हवंच. संपलं की अंकल खरोखरच लवंग-दालचिनी-मिरीवर भागवतात. लसूण, व्हिनेगर, गूळ आणि हा मसाला चिरांत भरून तांबोशी निखाऱ्यावर गेली.

साल्सा माझ्याकडे होता. चिरून झाल्यावर मी काकूंकडून पाव चमचा वाटलेली मोहरी मागून आणली आणि अंकलची पाठ असताना त्यात ढवळली. त्यांना वासानेच कळलं. बोटीवर असा साल्सा पाठवला असता तर शेफने मला पुढच्या बंदरावर उतरवलं असतं, म्हणाले. मग एक चमचा घेतला. मग वाटीच जवळ ओढली. शेवटी एवढंच म्हणाले की मीठ थोडं कमी आहे, आणि ते खरं होतं.

निघताना काकूंनी सहा कडक हिरवे मानकुराद वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. “तिसऱ्या दिवशी पाडाला येतील. एकच दिवस मिळतो हं, विसरू नको.” कोल्हापुरात आल्यावर दोन दिवस साचलेली कामं उपसण्यात गेले आणि तिसरा दिवस मी विसरले. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर जिन्यातच घमघमाट. फ्रीजमध्ये रंकाळ्याजवळून मुद्दाम आणवलेली सुरमई होती, कोथिंबीर निवडलेली होती, आणि ओट्यावर सहा कोया. सासूबाई पुऱ्या लाटत होत्या.