हॅवलॉकचा निमो रीफ आणि आमचा फोटोवाला

सोलापूरहून अंदमान म्हणजे आधी रेल्वेनं हैदराबाद, तिथून पोर्ट ब्लेअरचं विमान, मग हॅवलॉक बेटाची फेरीबोट. सेल्युलर जेल पाहिलं, राधानगर बीच पाहिला, गर्दी बेक्कार होती, त्यावर सगळ्यांनी लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते हॅवलॉकच्या निमो रीफवर केलेल्या स्कूबा डायव्हिंगवर, कारण तिथला निमो मासा डोक्यातनं जाईना अन् रागही जाईना.

जागा नवशिक्यांसाठी एक नंबर. बोटीतनं उडीबिडी नाही, किनाऱ्यावरनं चालत पाण्यात शिरायचं, कंबरभर पाण्यात तोंडानं श्वास घ्यायची प्रॅक्टिस, मग हळूहळू खाली. पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर मागनं सिलिंडर धरूनच असतो. आमच्याकडं पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे, तो डबा बुडू देत नव्हता, हा डबा बुडून राहू देतो. कान दडपतात तेवढे. नाक चिमटीत धरून फुंकायचं, की फट्ट करून मोकळे.

खाली सगळ्यात आधी कुडुमकुडुम आवाज ऐकू आला. पोपटमासा कोरल, म्हणजे प्रवाळ, कुरतडत होता. तो कोरलचा चुरा खातो अन् मागनं पांढरी वाळू सोडतो, म्हणजे ज्या वाळूत लोक लोळून फोटो काढतात त्यातली बरीचशी ह्याची कृपा!

अन् मग निमो, म्हणजे सिनेमातला तो क्लाउनफिश. ॲनिमोन म्हणजे तळाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी, त्याची बोटं लाटेबरोबर डुलत होती, त्यात केशरी-पांढरे पट्टेवाले मासे आतबाहेर. त्या बोटांना डंख असतो पण ह्यांच्या अंगावरच्या चिकट थरामुळं ह्यांना काही होत नाही. त्यातला सगळ्यात मोठा मासा, बोटाएवढा जीव, सरळ माझ्या मास्कवर धावून आला बे! मागं गेला, परत आला. मोठी असते ती मादी, घर तिचं. ती मेली तर तिचा नर मादी होतो अन् उरलेल्यांतला मोठा त्याच्या जागी येतो. हे ऐकल्यापासून आमची बायको भेटेल त्याला हेच सांगते.

मी त्या मादी माशाकडं बघत होतो तेवढ्यात फोटोवाल्यानं खांदा धरून मला फिरवलं. कॅमेऱ्याकडं बघा, हातानं बदाम करा. समुद्राच्या तळाशी कोण बदाम करतं? केला. मग इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, आमच्या आधीच्या ग्रुपमधले एक साहेब तर पोझसाठी चक्क कोरलवर उभे. अहो तो दगड नाही, जिवंत प्राणी आहे, लाखो बारके जीव एकमेकाला चिकटून. पोटातल्या शेवाळावर जगतात, पाणी तापलं की ते शेवाळ निघून जातं अन् कोरल पांढरं पडतं, 2010 साली अंदमानात असं लै कोरल गेलं. जे उरलंय त्यावर आपण पायात फिन, ते पोहायचे रबरी पंख, घालून उभं राहायचं?

माणशी चार हजारात अर्धा वेळ फोटोत गेला. जाणार असाल तर पाण्यात उतरायच्या आधीच सांगा, फोटो नको, मासे बघू दे. अन् वर निघताना दमदाटी करून का होईना, परत निमोकडं न्यायला लावा, मला तेही जमलं नाही.

व्हिडिओ आला व्हॉट्सॲपवर. गाणं लावलंय, बदाम दोनदा आहे, मेव्हण्यांचं पोट आहे, निमो नाही.